लेक्टिन स्टेनिंग: सगळं सेक्शन तपकिरी येतंय किंवा काहीच येत नाहीये? या क्रमाने तपासा

लेक्टिन म्हणजे साखर पकडणारं प्रथिन, टिश्यूच्या पातळ कापात (सेक्शनमध्ये) कुठे कुठली साखर आहे ते त्याने दाखवतात. लेक्टिनवर बायोटिन लावलेलं असतं, बायोटिनला स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपी चिकटतं, आणि एचआरपी हे एन्झाइम पेरॉक्साइडबरोबर डॅब या रसायनाचा तपकिरी रंग आणतं. आधी लक्षणं सांगतो, तुमची स्लाइड यातल्या कशात बसते ते बघा.

एक, टिश्यूच्या बाहेरची रिकामी काचसुद्धा तपकिरी झालीय. दोन, काच स्वच्छ आहे पण टिश्यू सरसकट एकाच रंगात रंगलंय, म्युकस म्हणजे चिकट स्राव बनवणाऱ्या गॉब्लेट सेल आणि स्नायू यात फरकच नाही. तीन, लेक्टिन कुठलंही घ्या, दर वेळी त्याच पेशी उठून दिसतात, म्हणजे रक्तपेशी किंवा यकृत किंवा किडनीच्या नळ्या किंवा माशाच्या कल्ल्यातल्या क्लोराइड सेल. चार, कडेला गडद आणि मध्ये फिकं. पाच, सेक्शनवर बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी झगझगीत रंगलंय. आणि सहा, काहीच नाही, स्लाइड कोरी.

रत्नागिरीत हिस्टॉलॉजीच्या टेबलावर माझं काम मासे आणि कालवं यांचे सेक्शन कापायचं आणि मुलांच्या स्लाइड बघायचं, आणि प्रोजेक्टचा सीझन आला की हेच सहा प्रकार पुन्हा पुन्हा हातात येतात. मुलं येऊन पहिलं काय म्हणतात, "काका, लेक्टिन खराब आलंय, नवीन मागवूया का?" लेक्टिन महाग असतं आणि यायला वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा ते चांगलंच असतं. बिघाड असतो तो आजूबाजूला.

मूळ कारण एकच आहे आणि ते डोक्यात बसलं की अर्धं काम होतं. अँटिबॉडीच्या स्टेनिंगचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलतात आणि अँटिबॉडीच्या जागी फक्त लेक्टिन टाकतात. पण लेक्टिन साखर पकडतं, आणि साखर काय फक्त टिश्यूतच असते का? ब्लॉकिंगला, म्हणजे नको त्या जागा आधीच झाकायला, वापरतो त्या सीरममध्ये आहे, दुधाच्या पावडरमध्ये आहे, अंड्याच्या पांढऱ्यात आहे, बायोटिन घट्ट धरणाऱ्या अ‍ॅव्हिडिनवर आहे, आणि ज्या एचआरपी एन्झाइमने रंग आणतो त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा साखरच आहे. म्हणजे अँटिबॉडीच्या कामात जी वस्तू बॅकग्राउंड कमी करायला घालतात तीच इथे बॅकग्राउंड वाढवते. खालच्या तपासण्या स्वस्तापासून महागाकडे लावल्यात, क्रम मोडू नका.

आधी नुसतं बघा, पैसे लागत नाहीत

स्लाइड मायक्रोस्कोपखाली घ्या आणि टिश्यू सोडून काच बघा. काच तपकिरी असेल तर सेक्शन चिकटवायला काय लावलं होतं ते विचारा. आपल्याकडे अजून खूप ठिकाणी मेयरचं अल्ब्युमिन लावतात, म्हणजे अंड्याचा पांढरा आणि ग्लिसरीन समसमान. हेमॅटॉक्सिलिन-इओसिनला ते उत्तम आहे, पण इथे अजिबात चालत नाही, कारण अंड्याच्या पांढऱ्यात साखर लागलेली प्रथिनं भरपूर, त्यांना लेक्टिन पकडतं, आणि वर अ‍ॅव्हिडिन पण अंड्याच्या पांढऱ्यातच असतं, ते तुमच्या लेक्टिनवरचं बायोटिन थेट ओढून घेतं. दोन्ही बाजूंनी काच रंगते. खात्री करायची असेल तर अल्ब्युमिन लावलेली एक रिकामी स्लाइड, टिश्यूशिवाय, बाकी स्लाइडबरोबर पूर्ण प्रोटोकॉलमधून काढा. ती रंगली की प्रश्न मिटला. सायलेन किंवा पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइड वापरा.

कडेला गडद असेल तर ते सुकण्याचं लक्षण. आपल्याकडे हवा दमट म्हणून लोक ओलसर डबा वापरत नाहीत, आणि वर पंखा पूर्ण स्पीडवर फिरत असतो. थेंब कडेने आटतो, लेक्टिन तिथे दाट होतं आणि धुतलं तरी जात नाही. टिफिनचा डबा, खाली ओला टिश्यू पेपर, वर झाकण, एवढं पुरे.

दोरे दिसतायत तर पावसाळा आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये स्लाइडच्या लाकडी पेटीत बुरशी धरते, नुसत्या डोळ्यांना दिसत पण नाही. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं आणि डब्ल्यूजीए, म्हणजे गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन, ते जोरात पकडतं, आणि कॉन-ए हे दुसरं लेक्टिन बुरशीचं मॅनन पकडतं. फांद्या फुटलेले सरळसोट दोरे टिश्यूची हद्द ओलांडून काचेवर गेलेले दिसले तर ती बुरशीच. अशा पेटीतल्या स्लाइड सोडून द्या, ब्लॉकमधून (टिश्यू बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून) नवीन कापा, आणि पेटीत सिलिका जेल ठेवून ते निळं-गुलाबी बघत राहा. असाच दुसरा धोका माशाच्या आतड्यात असतो, त्याने जवळा खाल्लेला असेल तर पोकळीतले कवचाचे तुकडे डब्ल्यूजीएने भडक रंगतात, ते माशाचं टिश्यू नव्हे.

बाटल्यांवरची लेबलं वाचा

कोरी स्लाइड असेल तर इथूनच सुरुवात करा. पावसात बफरला बुरशी येते म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने टीबीएस या बफरच्या मोठ्या बाटलीत सोडियम अझाइड घालून ठेवलेलं असतं. अझाइड एचआरपी बंद पाडतं. लेक्टिनच्या मूळ कुपीत थोडं अझाइड असतं त्याने काही होत नाही, ते दोनशे पटीने पातळ होतं आणि पुढे धुतलं जातं, पण स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपी ज्या बफरमध्ये पातळ करता आणि त्यानंतर ज्याने धुता त्यात ते असलं की डॅब रंगणारच नाही. बफर ताजा करा, थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा.

पाणी डिस्टिल्ड आहे ना ते पण विचारा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि डिस्टिलेशनचा प्लांट बंद असला की कोणीतरी तेच पाणी गाळून भरतं.

मग टेस्ट ट्यूबमधली परीक्षा, एक मिनिटाची. दोन ट्यूब घ्या, दोन्हीत डॅब आणि पेरॉक्साइडचं तयार मिश्रण, एकीत स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपीचा छोटा थेंब. थेंबवाली काही सेकंदांत तपकिरी आणि दुसरी स्वच्छ राहिली तर रंगाची बाजू ठीक आहे. दोन्ही स्वच्छ राहिल्या तर एन्झाइम किंवा पेरॉक्साइड मेलंय. दोन्ही तपकिरी झाल्या तर डॅब आधीच खराब झालंय. या एका परीक्षेने लेक्टिनवरचा अर्धा संशय जातो, आणि लोक हीच करत नाहीत. हातमोजे घाला, डॅबमुळे कॅन्सरचा संशय आहे, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

पेरॉक्साइड आपल्या उकाड्यात बाहेर राहिलं की उतरतं. ते उतरलं की दुहेरी नुकसान, डॅब रंगत नाही आणि रक्तपेशींमधलं स्वतःचं पेरॉक्सिडेज (एचआरपीसारखंच डॅब रंगवणारं एन्झाइम) पण मरत नाही. ताज्या माशाच्या रक्तावर थेंब टाका, सणसणीत फेस आला पाहिजे. बाटली काळपट, फ्रिजमध्ये.

तीन कंट्रोल स्लाइड, याच्याशिवाय पुढे जाऊ नका

एकाच ब्लॉकचे लागोपाठचे सेक्शन घ्या. पहिल्यावर फक्त डॅब, लेक्टिन नाही, स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन नाही. दुसऱ्यावर स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपी आणि डॅब, लेक्टिन नाही. तिसऱ्यावर सगळं, पण लेक्टिन त्याच्या साखरेबरोबर आधी अर्धा तास मिसळून ठेवलेलं. शेजारी तुमची नेहमीची स्लाइड.

पहिली रंगली तर टिश्यूचं स्वतःचं पेरॉक्सिडेज. कल्ले म्हणजे रक्ताने भरलेलं टिश्यू, तिथे हे हमखास. मिथेनॉलमध्ये ०.३ टक्के पेरॉक्साइड, ३० मिनिटं, आणि ते लेक्टिनच्या आधी.

दुसरी रंगली आणि पहिली स्वच्छ, तर टिश्यूतलं स्वतःचं बायोटिन. यावर जरा थांबतो कारण इथे चुकीचे निष्कर्ष थेट थिसिसमध्ये जातात. बायोटिन पेशीत मायटोकॉन्ड्रियामधल्या कार्बॉक्सिलेज एन्झाइमांना चिकटलेलं असतं, म्हणून यकृत, किडनी आणि मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेल्या पेशी आपोआप रंगतात. कल्ल्यातल्या क्लोराइड सेल तशाच. एका मुलीने मला कल्ल्याचे फोटो दाखवले, पाच लेक्टिन, पाचही वेळा लॅमेलाच्या (कल्ल्यातल्या पातळ पडद्यांच्या) बुडाशी त्याच गोल दाणेदार पेशी तपकिरी, आणि खाली तिने लिहिलेलं की या पेशींत सगळ्या प्रकारच्या साखरा आहेत. मी म्हटलं, "अगं, लेक्टिन न घालता एक काढ." काढली तर तीच नक्षी. पाच लेक्टिन वेगवेगळ्या साखरा ओळखतात, ती पाचही अगदी एकसारखी रंगली तर टिश्यू काही सांगत नाहीये, तुमची डिटेक्शनची बाजू बोलतेय. गरम करून अँटिजेन रिट्रीव्हल (अँटिबॉडीसाठी टिश्यू उघडं करायची पायरी) केलं असेल तर हे बायोटिन आणखी उघडं पडतं, आणि लेक्टिनला ती पायरी बहुतेक वेळा लागत पण नाही, ती काढून बघा.

तिसरी, साखरवाली, रंगली नाही आणि तुमची नेहमीची रंगली, तर अभिनंदन, तुमचा रंग खरा आहे. दोन्ही सारख्याच रंगल्या तर लेक्टिन साखरेवर नाही, भलत्याच ठिकाणी चिकटतंय. साखर लेक्टिनप्रमाणे योग्य ती घ्या आणि ०.२ मोलर तरी घ्या (पुढची छोटी नावं लेक्टिनांची आहेत): कॉन-एला मिथाइल मॅनोसाइड, पीएनएला गॅलॅक्टोज, डीबीए आणि एसबीएला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसमिन, यूईए-१ ला एल-फ्युकोज. डब्ल्यूजीए मात्र हट्टी आहे, ते एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसमिनबरोबर सायलिक अ‍ॅसिड पण पकडतं, त्यामुळे साध्या साखरेने पूर्ण उतरत नाही, नुसतं फिकं होतं. त्याला साखर वाढवून ०.५ मोलर करा किंवा कायटिनचं हायड्रोलायझेट वापरा, आणि थोडा रंग राहिला म्हणून लगेच बिघाड समजू नका.

ब्लॉकिंग बदला

सीरम आणि दुधाची पावडर दोन्ही बंद. सीरमची प्रथिनं साखरेने मढलेली असतात, आणि दुधात साखर लागलेली प्रथिनं तर आहेतच, वर बायोटिन पण आहे. १ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधलं शुद्ध केलेलं अल्ब्युमिन) घ्या, चांगल्या शुद्धतेचं, स्वस्त बीएसएत इतर सीरम प्रथिनांची भेसळ असते. कंपन्यांचे साखरमुक्त ब्लॉकिंग पण मिळतात, परवडत असेल तर जरूर.

बायोटिन ब्लॉक करायला नेहमीचं किट म्हणजे १५ मिनिटं अ‍ॅव्हिडिन, धुवा, १५ मिनिटं बायोटिन. इथेही तोच पेच, अ‍ॅव्हिडिनवर मॅनोज आणि एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसमिन आहे, म्हणजे बायोटिन झाकायला गेलात आणि टिश्यूवर कॉन-ए आणि डब्ल्यूजीएसाठी नवीन साखर पसरून आलात. स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-बायोटिनचं किट घ्या, स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन जिवाणूपासून येतं, त्यावर साखर नसते. आणि नंतरची बायोटिनची पायरी टाळू नका, स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनला बायोटिनच्या चार जागा असतात, त्या भरल्या नाहीत तर तुमचं लेक्टिन त्यातच जाऊन बसेल. हाच नियम डिटेक्शनला, अ‍ॅव्हिडिनवालं एबीसी किट लेक्टिनसाठी नको.

कॉन-ए वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. कॉन-ए एचआरपीवरची साखर पकडतं. त्याला बायोटिनची गरजच नाही, पूर्वी लोक याच गुणाचा फायदा घेऊन साधं कॉन-ए आणि वर साधं एचआरपी लावून स्टेन करत. त्यामुळे कॉन-एच्या स्लाइडवर रंग किती बायोटिनमुळे आणि किती थेट पकडीमुळे हे सांगता येत नाही, आणि जास्तच भडक येतो. फ्लुओरेसंट स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन वापरा, प्रश्नच संपतो.

कॅल्शियम

डब्ल्यूजीए छान येतंय आणि शेंगवर्गीय लेक्टिन, म्हणजे कॉन-ए, पीएनए, एसबीए, डीबीए ही सगळी फिकी, असा पॅटर्न दिसला तर कॅल्शियम-मँगनीज बघा. शेंगांच्या लेक्टिनांना साखर पकडायला हे दोन धातू लागतात, डब्ल्यूजीएला लागत नाहीत. पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचा बफर, वापरत असाल तर फॉस्फेट कॅल्शियमला खाली बसवतं, बफर गढूळ दिसला तर तेच. टीबीएस किंवा हेपेस घ्या, पीएच ७.५ च्या आसपास, त्यात ०.१ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि ०.०१ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड. ईडीटीए असलेलं काहीही आधी वापरलं असेल तर नीट धुवा, ते हे धातू काढून घेतं.

आता कुठे लेक्टिनवर या

मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम ही सुरुवात, कुपीत मिलिलिटरला २ मिलिग्रॅम असेल तर दोनशे पट पातळ. सरसकट तपकिरी येत असेल तर ५ आणि २ वर उतरा, कोरी असेल तर २० वर चढा, त्याच्या वर जाऊन फायदा नाही, बॅकग्राउंडच वाढतं. पावसात लाइट जाते, फ्रीजर वितळतो-गोठतो, आणि लेक्टिनला ते मानवत नाही. आल्या दिवशी छोट्या कुप्यांत वाटून ठेवा, कुपीवर तारीख.

बायोटिन शाबूत आहे का ते बघायला नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर लेक्टिनचा ठिपका, बीएसएने ब्लॉक, स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन-एचआरपी, डॅब. ठिपका रंगला म्हणजे बायोटिन आहे, साखर पकडतंय की नाही ते यातून कळत नाही. त्यासाठी लाल रक्तपेशी गोठतात का, म्हणजे एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात का, ते बघायचं. डब्ल्यूजीए कुठल्याही ब्लड ग्रुपच्या पेशी गोठवतं, डीबीए ए-वन गटाच्या. डीबीए म्हणजे आपल्या कुळथातलं लेक्टिन, ज्याची पिठी आपण जेवतो ते कुळीथ, आणि ब्लड बँका ए-वन आणि ए-टू वेगळे करायला तेच वापरतात. कच्च्या कुळथाचा अर्क काढून स्लाइडवर वापरता येईल का असं मुलं विचारतात. पेशी गोठवायला चालेल, स्टेनिंगला नाही, त्यात इतर शेकडो प्रथिनं आहेत आणि बायोटिन लावलेलं नाही. शिजवलेल्या पिठीत ते टिकत नाही, काळजी नको.

टिश्यूच दोषी असेल तर

हे शेवटी, कारण इथे नवीन सॅम्पल लागतं. आधी त्याच ब्लॉकचा पीएएस आणि अल्शियन ब्लू, म्हणजे म्युकस रंगवणारे साधे स्टेन, करून बघा, दोन्ही स्वस्त. गॉब्लेट सेल त्यातही रिकाम्या दिसल्या तर म्युकस आधीच गेलंय, लेक्टिन कुठून पकडणार. मिरकरवाडा बंदरात उतरलेला बांगडा बर्फात किती तास होता ते कोणी सांगत नाही, आतड्याचं अस्तर तोवर सुटायला लागलेलं असतं. खाडीतली जिवंत बोय आणा, काठावरच कापून फिक्सेटिव्हमध्ये टाका. म्युकससाठी कारनॉय फिक्सेटिव्ह चांगला, पाण्यातल्या फॉर्मॅलिनमध्ये म्युकस सुटून जातं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सॅम्पल मेमध्येच करून ब्लॉक साठवा.

फक्त पीएनए कोरं आणि बाकी चांगली, तर बिघाड नसेलही. पीएनएची साखर बऱ्याचदा सायलिक अ‍ॅसिडखाली झाकलेली असते, पीएच ५.५ ला ३७ अंशांवर न्युरामिनिडेज (ते झाकण काढणारं एन्झाइम) देऊन मग पीएनए लावा. उघडली तर ती तुमची खरी माहिती आहे, तशीच लिहा. यूईए-१ माणसाच्या रक्तवाहिन्या रंगवतं म्हणून माशाच्या पण रंगवेल असं धरू नका.

कुठे थांबायचं

नवीन लॉट, ताजे बफर, ओळखीचं चांगलं कंट्रोल टिश्यू, आणि तरी कोरं, तर पुढे सॅम्पल वाया घालवू नका, कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला लिहा. ब्लॉक शेवटचा उरला असेल, परत मिळणार नाही असा, तर स्वतः कापू नका, अनुभवी हिस्टोटेक्निशियनकडे द्या. पेशंटची बायोप्सी असेल तर लेक्टिनचा रंग बघून निदान लिहायचं नाही, ते पॅथॉलॉजिस्टचं काम. फ्लुओरेसंट मायक्रोस्कोपचा मर्क्युरी लॅम्प स्वतः बदलू नका, फुटला तर पारा उडतो, सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. आणि एरंडाच्या बिया किंवा गुंजा वाटून घरी किंवा लॅबमध्ये लेक्टिन काढायचा प्रयत्न कोणीही करू नये, रायसिन आणि अ‍ॅब्रिन दोन्ही जीव घेणारी आहेत आणि रायसिनवर उतारा नाही. चुकून पोटात किंवा श्वासात गेल्याची शंका जरी आली तरी सरळ हॉस्पिटल.

मदत मागताना नुसता तपकिरी स्लाइडचा फोटो पाठवू नका. तीन कंट्रोलचे फोटो एकाच मॅग्निफिकेशनला, लेक्टिनचं नाव आणि लॉट नंबर, बफरमध्ये काय काय आहे, ब्लॉकिंग कशाने केलं, स्लाइडला काय लावलं होतं आणि टिश्यू कशात किती वेळ फिक्स केलं, एवढं लिहून पाठवा.